बोलायचा सराव मोबाईलवर रेकॉर्ड करून: वर्गात कोणी वापरतंय का?

मोगरी
नमस्कार मंडळी. मी पुण्यात जर्मन शिकवते, एटू आणि बीवनच्या (म्हणजे प्राथमिक आणि त्याच्या वरच्या पातळीच्या) बॅचेस. एकेका बॅचमध्ये वीसेक जण, दीड तासाचा वर्ग, त्यातला निम्मा वेळ व्याकरण आणि होमवर्क बघण्यात जातो, राहिलेल्या वेळात एकेकाच्या वाट्याला बोलायला जेमतेम दोन मिनिटं येतात आणि तीही चार बडबडे लोक खाऊन टाकतात. २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारचा जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्गशी मनुष्यबळाचा करार झाला त्यानंतर नर्सिंगची, आयटीआयची मुलंही चौकशीला यायला लागलीत. त्यांना डेर-डी-डासचे (नामाच्या लिंगाप्रमाणे बदलणाऱ्या शब्दांचे) तक्ते पाठ करण्यात रस नाही, तिकडे जाऊन पेशंटशी, मुकादमाशी बोलायचंय.

गोएथे इन्स्टिट्यूट ही जर्मनच्या परीक्षा घेणारी संस्था, तिच्या बीवन परीक्षेत वाचणं, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं असे चार स्वतंत्र भाग असतात, प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात. बोलण्याच्या भागात जोडीदाराबरोबर काहीतरी ठरवायचं असतं (सहल, कोणाचा तरी निरोप समारंभ वगैरे), मग एका विषयावर छोटं प्रेझेंटेशन द्यायचं, मग एकमेकांच्या प्रेझेंटेशनवर बोलायचं. लेखीत ८० काढणारी मुलं इथे तोंडात मिठाची गुळणी धरून बसतात.

म्हणून मी घरून रेकॉर्ड करून व्हॉट्सॅपवर पाठवा म्हणून सांगायला सुरुवात केली. तर अडचणी अशा की एक म्हणजे सरळसरळ कागदावरून वाचतात, ऐकताना पान उलटल्याचा आवाजसुद्धा येतो. दुसरं, वीस क्लिपा ऐकून प्रत्येकाला काहीतरी सांगायचं म्हणजे माझी रात्र जाते. आणि तिसरं, ज्यांना सरावाची खरी गरज आहे तेच पाठवत नाहीत, "मॅम माझा आवाज कसातरीच येतो". शिकणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी दोघांनीही लिहा. आणि अ‍ॅप कुठलं?

खारीकबदाम
अ‍ॅपचं आधी सांगतो. घेऊच नका. फोनमध्ये येतो तो साधा रेकॉर्डर पुरे आहे. भाषेसाठीच्या खास अ‍ॅपांमध्ये लॉगिन, पासवर्ड, आज फुकट उद्या पैसे, आणि परवा दुकान बंद. मायक्रोसॉफ्टचं फ्लिप आठवतं का, बाहेरच्या देशात शाळाशाळांत चालायचं, मुलं छोटे व्हिडिओ करून टाकायची, २०२४ मध्ये त्याचं वेगळं अ‍ॅप बंद करून ते टीम्समध्ये घुसवलं. ज्यांनी सगळा वर्ग त्यावर उभा केला होता ते बसले. लिंकच हवी असेल तर व्होकारू आहे, ब्राउझरमध्येच रेकॉर्ड होतं, अकाउंट लागत नाही, पण काही काळाने रेकॉर्डिंग उडतं एवढं लक्षात ठेवा.

शिंपला
रोचक धागा. मी जपानमध्ये आहे, जपानीचा विद्यार्थी (कायमचा). आमच्याकडे उलटंच, जेएलपीटी ह्या जपानीच्या परीक्षेत बोलणं हा भागच नाही. एनटू (वरून दुसरी पातळी) पास झालेले लोक ऑफिसात येतात आणि फोन वाजला की खुर्चीखाली काहीतरी शोधायला लागतात. :)

माझा अनुभव असा की स्वतःला रेकॉर्ड करणं हा सराव नाहीच, रेकॉर्ड केलेलं ऐकून परत बोलणं हा सराव. मी पहिल्यांदा जे करायचो ते म्हणजे बोलायचं, फाईल सेव्ह, समाधान. पुढे एका सेन्सेईनी (शिक्षकांनी) सांगितलं की फाईल ओडॅसिटीमध्ये उघड (आवाज रेघेच्या रूपात दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे) आणि शेजारी जपानी माणसाची तीच ओळ लाव. 'किते' म्हणजे ये, आणि 'कित्ते' म्हणजे पोस्टाचं तिकीट. जपानी माणसाच्या 'कित्ते'मध्ये त च्या आधी आवाजाची रेघ चक्क सपाट होते, थोडा वेळ काहीच नाही, मग त फुटतो. माझ्यात ती सपाट जागा जवळपास नव्हतीच. कानाला कित्येक महिने जे कळलं नाही ते डोळ्याला लगेच दिसलं. तसंच ओबासान आणि ओबाआसान, मावशी-काकू आणि आजी. मराठीत बोलताना आपण स्वर कमीजास्त ओढले तरी कोणी हरकत घेत नाही, तिथे कोणाच्यातरी बायकोला आजी म्हणाल.

चकलीचा_सोऱ्या
वाचनखूण साठवली. बायको फ्रेंच शिकतेय, तिला दाखवतो.

गुरुजी_बालाघाट
मी जिल्हा परिषद शाळेत आहे, बीड जिल्हा. आमच्याकडं वर्गात फोन एकच, माझा, आन रेंज असली तर असली. पण रेकॉर्डरला रेंज लागत नाही ही फार मोठी गोष्ट बघा. इंग्रजीच्या तासाला दोन-दोन लेकरं व्हरांड्यात जातात, फोन घेऊन, तेवढ्या वेळात बाकीच्यांचं लिखाण चालू असतं. चित्र द्यायचं, बाजाराचं नाहीतर शेताचं, त्यावर चार वाक्यं बोलायची. कागद न्यायचा नाही हा नियम, चित्रच न्यायचं.

सुरुवातीला नुसता गोंधळ. आवाज ऐकून हसून हसून लोळायची. ते होऊ द्यावं लागतं, ते झाल्याशिवाय पुढं जात नाही. नंतर मी एकच मुभा दिली की आवडलं नाही तर उडवा आन परत करा, मला शेवटचंच ऐकवा. तिथून फरक पडला. एक पोरगी 'आय ईट स्नेक्स' म्हणली, स्वतःच ऐकलं, शेजारच्याला म्हणली अरे साप खाल्ला की मी, आन परत रेकॉर्ड केलं. मी वर्गात होतो, मला हे शेजारच्या पोरानं नंतर सांगितलं. मी दहादा फळ्यावर लिहून दिलं असतं तरी तेवढं झालं नसतं.

जुनापुराणा
उत्साहावर पाणी ओतायची इच्छा नाही, पण हे सगळं होऊन गेलंय. ८० च्या दशकात मी लँग्वेज लॅबमध्ये फ्रेंच शिकलोय. लाकडी कप्पे, कानावर ते जड हेडफोन, कॅसेटवर दोन ट्रॅक. वरचा मास्तरांचा, तो पुसला जायचा नाही, खालचा आपला, कितीही वेळा पुसा आणि बोला. म्हणजे तुमच्या अ‍ॅपांमध्ये जे आहे ते सगळं त्यात होतं. आम्ही काय केलं? पोपटासारखं एकेक वाक्य म्हणत बसलो. "मी बाजारात जातो. तू बाजारात जातोस." उच्चार बरे झाले, खोटं कशाला बोलू. पण पॅरिसच्या विमानतळावर बाईने काहीतरी वेगळंच विचारलं तेव्हा वाचा बसली, कारण टेपवरची बाई कधी वेगळं विचारत नसे. पुढे आमच्या त्या लॅबला कुलूप लागलं आणि यंत्रांवर कव्हरं पडली. बोलायला समोर माणूस लागतो हो, फोन नाही.

मोगरी
जुनापुराणाकाका, तुमचा मुद्दा पटतो, पण माझ्या वर्गात समोर माणूस दोनच मिनिटं मिळतो हीच तर अडचण आहे. त्या दोन मिनिटांना तोंड वळलेलं असावं एवढ्यासाठी फोन. फोननेच बोलायला शिकवावं असं माझं म्हणणं नाही.

गुरुजी, कागदाऐवजी चित्र ही आयडिया उचलली! आणि 'मला शेवटचंच ऐकवा' हे तर फारच भारी.

निवांत_नीता
मी त्या न पाठवणाऱ्यांपैकी एक. म्हणजे मोगरीताईंच्या वर्गातली नाही, दुसरीकडे शिकत होते, भाषा आणि गाव सांगत नाही. तिथे क्लिपा सगळ्या ग्रुपवर टाकायच्या असा नियम होता. माझ्या क्लिपवर कोणीतरी हसण्याचा इमोजी टाकला, कदाचित प्रेमाने टाकला असेल, पण त्यानंतर मी तब्येतीची कारणं द्यायला लागले आणि मग क्लासच सोडला. त्यामुळे जे कोणी शिकवतात त्यांना हात जोडून विनंती, ग्रुपवर नको. शिक्षकाला वैयक्तिक पाठवू द्या, आणि ज्यांना तेही नको त्यांना नुसतं 'केलं' म्हणून लिहू द्या.

आणि एक बाळबोध प्रश्न, आपला आवाज रेकॉर्डिंगमध्ये इतका चिरका का येतो?

कानोसा
नीताताई, बाळबोध नाही, साउंडच्या कामात असल्यामुळे मला हा प्रश्न दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो. एक हवेतून कानात, जशी इतरांना ऐकू येते तशी. दुसरी कवटीच्या हाडांतून आतल्या आत, आणि ह्या वाटेने खर्जाचा भाग जास्त पोचतो. त्यामुळे स्वतःला आपण भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांची वाट नसते, म्हणून पातळ वाटतं. बाकीच्या जगाला तुमचा तोच आवाज रोज ऐकू येतो आणि कोणाची तक्रार नाही. :) आठ-पंधरा दिवस ऐकत राहिलं की त्याचं काही वाटेनासं होतं.

आता कामाची गोष्ट, जी कोणी सांगत नाही. उच्चार तपासायला रेकॉर्ड करताना ते ब्लूटूथचे स्वस्त इअरबड्स काढून ठेवा. त्यांचा माइक चालू झाला की ते कॉलच्या मोडमध्ये जातात आणि आवाजाचा वरचा पट्टा कापला जातो. स, श, फ ह्यांचा सगळा सळसळाट त्या वरच्या पट्ट्यातच असतो. म्हणजे पोराने 'श' बरोबर म्हटला का 'स' म्हटला हे फाईलमध्ये धड उरतच नाही आणि तुम्ही त्याला ओरडता. फोनचा स्वतःचा माइक किंवा साधा वायरवाला इअरफोन. फोन तोंडासमोर नको, हनुवटीच्या जरा खाली, वीतभर लांब, म्हणजे प आणि फ चे फुत्कार माइकवर आपटत नाहीत. पंखा बंद. कुकरची शिट्टी होऊन जाऊ द्या.

खारीकबदाम
कानोसा, इअरबड्सचं माहीत नव्हतं, धन्यवाद.

माझी एक भर. काही लोक सांगतात की कीबोर्डची भाषा जर्मन करा आणि माइक दाबून बोला, बरोबर टाइप झालं म्हणजे उच्चार बरोबर. यावर फार भरवसा ठेवू नका. ते सॉफ्टवेअर पुढच्या-मागच्या शब्दांवरून अंदाज बांधतं, तुम्ही अर्धवट बोललात तरी शहाणपणाने बरोबर लिहून मोकळं होतं. पूर्ण वाक्य बोललात तर ते तुमची चूक झाकतं. एकेक सुटा शब्द बोलून बघा, मग खरं काय ते कळतं, आणि तेही ढोबळच.

पारिजातक_न्यूजर्सी
आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या मराठी शाळेतलं सांगते. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या (इकडच्या मराठी मंडळांच्या संघटनेच्या) शाळा इकडे गावोगाव रविवारी भरतात, भारती विद्यापीठाशी जोडलेल्या परीक्षा असतात. मुलांना मराठी समजतं सगळं, उत्तर इंग्लिशमध्ये. वाचायला पण शिकतात, पण 'बाळ' चं 'बाल' आणि 'पाणी' चं 'पानी' करतात. आम्ही सुरुवातीला धडा वाचून रेकॉर्ड करायला सांगितलं, कोणी केलं नाही, आणि का करावं, ऐकणार कोण तर टीचर.

मग एका आईने सुचवलं की गृहपाठ आजीला पाठवू द्या. म्हणजे आठवड्याला एक व्हॉइस नोट, आजीला किंवा आजोबांना, एक प्रश्न विचारायचा ज्याचं उत्तर खरंच माहीत नाही. आमच्या वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "आजी तुझ्या शाळेत टॉयलेट होतं का?" आजीचं उत्तर चांगलं लांबलचक आलं. मुलाला त्यातलं निम्मं कळलं नाही, म्हणून त्याने परत विचारलं, आजीने परत सांगितलं, आता ते दोघं आमच्याशिवायच चालू आहेत. ळ अजून येत नाही त्याला. पण जुनापुराणाकाका म्हणतात ना की टेपवरची बाई वेगळं विचारत नाही, तर आजी विचारते.

अवांतर: लहान मुलांचे आवाज कुठल्याही नव्या अ‍ॅपवर चढवताना पालकांना विचारा. भारतातही २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती सांगितलीय.

जुनापुराणा
आजीचं आवडलं. ह्याला मी रेकॉर्डिंग म्हणणार नाही, हे पत्रच झालं. पण ठीक आहे, मान्य.

शिंपला
कागदावरून वाचण्यावर अजून एक उपाय. न्यूझीलंडचे पॉल नेशन म्हणून भाषाशिक्षणातले मोठे प्राध्यापक, त्यांनी १९८९ मध्ये चार-तीन-दोन ह्या पद्धतीवर लिहिलंय. एकाच विषयावर आधी चार मिनिटं बोलायचं, मग तेच दुसऱ्या माणसाला तीन मिनिटांत, मग तिसऱ्याला दोन मिनिटांत. मुळात समोरचा माणूस बदलायचा असतो, पण एकट्याने फोनवर पण होतं. बीवनवाल्यांना चार मिनिटं जड जातील, दोन, दीड, एक करा. मजकूर तोच असल्यामुळे काय बोलू हा प्रश्न पहिल्या खेपेलाच संपतो, पुढे फक्त अं-अं कमी करायचं काम उरतं. आणि वेळ कापल्यावर कागद उपयोगाचा राहत नाही, कारण कागदावर लिहिलेलं तेवढ्या वेळात बसतच नाही.

जर्मनला डॉइचे वेले ह्या जर्मन प्रसारण संस्थेच्या हळू वाचलेल्या बातम्या आहेत, खाली मजकूर पण असतो. एकेक वाक्य ऐकून त्याच्या मागोमाग, जवळजवळ त्याच्यावरच बोलायचं, मग रेकॉर्ड करून मूळ आवाजाशी लावून बघायचं. उच्चारासाठी ते, आणि स्वतःचं बोलण्यासाठी चार-तीन-दोन. दोन्हीची गल्लत करू नका.

मोगरी
अपडेट देते, कारण बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं.

ग्रुपवर टाकणं बंद केलं (नीता, तुझं वाचून). चित्र किंवा चार शब्द देते, त्यावर तीनदा बोलायचं, दर वेळी वेळ कमी. मला पहिलं आणि शेवटचं पाठवायचं, बरोबर एक ओळ की काय बदललं. आणि मी सगळ्यांचं ऐकत नाही, आठवड्याला पाळीपाळीने काहींचंच नीट ऐकते. कोणाचं ऐकणार ते आधी सांगत नाही. ;) त्यामुळे माझी रात्र वाचली.

उच्चारात फरक लगेच पडला. आपल्या लोकांना जर्मन झेड (उच्चार 'त्स') सोपा जातो, कारण 'चमचा'मधला च आपल्या तोंडात आधीच बसलेला आहे, हिंदीभाषक मुलांना तो वेगळा शिकवावा लागतो. पण 'इख' (म्हणजे 'मी', ह्यातला ख मऊ) चं 'इश' होतं किंवा सरळ घशातला ख होतो, आणि व्ही दिसला की 'व' म्हणतात, तिथे 'फ' हवा असतो, 'फाटर' म्हणजे बाप. हे मात्र स्वतःचं ऐकून मुलं आपणहून पकडतात.

पण व्याकरणाचं पकडत नाहीत, हे नवीन कळलं. एक मुलगा तिन्ही वेळा 'वाइल इख हाबं काइनं त्साइट' (कारण मला वेळ नाही) म्हणाला. 'वाइल' म्हणजे कारण, त्याच्यानंतर क्रियापद शेवटी जायला हवं, 'वाइल इख काइनं त्साइट हाबं'. मराठीत आपण क्रियापद शेवटीच टाकतो, म्हणजे हे आपल्याला हातचं असायला हवं, पण डोक्यात परकी भाषा म्हटली की इंग्रजीचा साचा येतो. तर ह्या मुलाने तीनदा तेच म्हटलं, तिन्ही क्लिपा ऐकल्या, आणि 'काय बदललं' मध्ये लिहिलं "आता खूप फ्लुएंट वाटतंय". होतंच ते फ्लुएंट, चूकसुद्धा फ्लुएंट!

जुनापुराणा
तेच म्हणत होतो. पुसत राहा आणि तीच चूक गुळगुळीत करत राहा. मास्तर लागतो.

निवांत_नीता
काका, मास्तर लागतोच, पण मी आता एकटी जे करते ते सांगू का. एक मिनिटाची क्लिप घ्यायची आणि आपण जे बोललो ते शब्दशः वहीत उतरवायचं. अं, आं, अडखळलेलं, अर्धं सोडलेलं वाक्य, सगळं, काहीही न सुधारता. एक मिनिट उतरवायला बराच वेळ जातो, थांबव, मागे घे, परत ऐक. पण कागदावर आलं की आपल्यातली व्याकरणवाली बाई जागी होते. कानाला जे गोड लागत होतं ते डोळ्यांना खुपतं. मग लाल पेनने दुरुस्त करायचं, वही बंद, आणि परत बोलायचं. मला अजून कोणाला क्लिप पाठवायची हिंमत होत नाही, वहीचा फोटो मात्र पाठवते.

मोगरी
नीता, हे उद्याच करायला लावते. माझं तर काम अर्धं झालं, क्लिप ऐकण्यापेक्षा वही वाचायला किती कमी वेळ लागतो!

शिंपला
+१. लेखीत ८० वाल्यांना त्यांचंच लेखी हत्यार बोलण्यावर चालवायला दिलं, मस्त.

चकलीचा_सोऱ्या
बायकोने धागा वाचला. आता घरात पंखा बंद आणि कुकरला बंदी. कानोसा, तुमच्यामुळे जेवण उशिरा झालं याची नोंद घ्यावी. (गंमत हो, दिवे घ्या)

गुरुजी_बालाघाट
कानोसा भाऊ, एक विचारायचं राहिलं. आमची लेकरं जोडीनं संवाद करतात, दुकानदार आन गिऱ्हाईक. एकाचा आवाज मोठा येतो, दुसऱ्याचा ऐकूच येत नाही. ज्याच्या हातात फोन त्याचाच राज. काय करावं?

कानोसा
गुरुजी, फोन कोणाच्याच हातात देऊ नका. बाकावर दोघांच्या मधोमध ठेवा, खाली दुमडलेला रुमाल किंवा जुनी वही, म्हणजे बाकावर हात आपटल्याचा ठोका येणार नाही. माइक बहुतेक फोनला खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाजवळ असतो, ती कड हळू बोलणाऱ्या लेकराकडे करा. मोठ्या आवाजाच्याला थोडं मागे बसवा. व्हरांड्यात असाल तर भिंतीकडे तोंड करून बसू नका, आवाज आपटून परत येतो, मैदानाकडे तोंड करा. आणि आधी पाच सेकंद रेकॉर्ड करून ऐकून बघा.

गुरुजी_बालाघाट
उद्या परिपाठ झाला की करून बघतो. रुमाल आमच्याकडं कोणाकडं नसतो, वही ठेवतो.